लंडन ते कराची, दोऱ्याने

“दोरा धरा,” म्हणत मास्तर टोपीच्या घडीतून काळा दोरा काढत. नळदुर्गच्या शाळेत मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होतो. भूगोल ते सरकारी नियमाने उर्दूतून शिकवत, मैल मात्र मराठीत मोजत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला कुठलंही अंतर मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

त्यांचा मुलगा शिकायला लंडनला गेला आणि महायुद्धामुळे सात वर्षं तिकडेच अडकला. शाळेतला नकाशा सपाट. त्यावरचं अंतर खोटं, म्हणून मास्तर कुंभाराकडे गेले.

“तोंड नसलेलं मडकं? मास्तर, पाणी कुठून भरायचं?”

“पाणी न्हाय, जग भरायचंय.”

कच्च्या मडक्यावर त्यांनी सुईने देश कोरले. मडक्याच्या पोटाचा घेर मोजून, तो पृथ्वीचे पंचवीस हजार मैल धरून, दोऱ्याला गाठी मारल्या, हजार मैलांना एक. मग मडकं भट्टीत गेलं.

लढाई संपली तोवर मास्तरांच्या छातीने दगा दिला होता. डॉक्टरांनी चार-आठ दिवस सांगितले होते. त्यातच मुलाची तार आली: सोमवारी विमानाने निघतो.

“दोरा धरा.” मी लंडनवर टोक धरलं, त्यांनी विमान उतरतं त्या कराचीवर. साडेतीन हजार मैल आणि वर थोडं.

“तासाला दोनशे मैल. अठरा तास उडणं, बाकी मुक्काम, पुढं मुंबई, सोलापूर. गुरुवारी घरात.”

त्यांना बघायला आलेला कुंभार दारातूनच म्हणाला, “गाठी कच्च्या मडक्यावरच्या का? भाजल्यावर मडकं आकसतंय की, मास्तर, दोरा न्हाय आकसत.”

मास्तर उठून बसले, घेर पुन्हा मोजला, सगळ्या गाठी सोडून नव्या मारल्या. त्यात तासभर गेला. दम लागला तरी दोरा कुणाच्या हाती दिला नाही.

“चार हजार. दोन तास वाढले. म्हणजे मुंबईहून सोलापूरची गाडी हुकली. शुक्रवार.”

मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “तुमाला निभंल का शुक्रवारपत्तोर?”

“निभवायचं. तू पेज आण.”

शुक्रवारी सोलापूरची शेवटची मोटार आली, तिच्यातून मुलगा उतरला नाही. मी घरी जाऊन सांगितलं. मास्तरांनी डोळेही उघडले नाहीत.

“वाटेत बसऱ्याला वाळू उठली असंल. विमान थांबलं असंल,” ते म्हणाले. “आपण बी थांबू.”

शनिवारी दुपारी मुलगा आला. पायाशी वाकला तर मास्तरांचा पहिला प्रश्न, “कुठं थांबलास?”

“बसऱ्याला, आण्णा. धुळीनं दिवसभर विमान उडालंच नाही.”

मास्तरांनी दोरा मागितला. बसऱ्यापाशी एक जादा गाठ मारली. “मग बरोबर हाय,” म्हणाले आणि पोराचा हात हातात धरून पडून राहिले.

रविवारी पहाटे ते गेले.

मडकं आता माझ्या पुस्तकांशेजारी आहे, दोरा त्याच्या पोटाला गुंडाळलेला. बसऱ्याची गाठ सैल आहे. ती मी आवळत नाही.