रेडिओलॉजिस्ट पाहिजे, पगार तुम्ही सांगा

सोनोग्राफीला आलेल्या माणसाला आम्ही आधी लिटरभर पाणी प्यायला लावतो आणि मग सांगतो, आता बाथरूमला जायचं नाही, दाबून बसा. अशा अवस्थेत माणूस गप्प बसूच शकत नाही. शेजारणीची सून, दिराची इस्टेट, जावयाचं व्यसन, सगळं बाहेर येतं. जे यायला पाहिजे तेवढं सोडून! त्यामुळं आमच्या सेंटरमध्ये किस्से किती साठलेत ते विचारू नका. पण पेशंटांचं राहू द्या. मी सांगतेय ते डॉक्टरांचे.

मी महानंदा. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनचं सेंटर आहे. तिथं अठ्ठावीस वर्षं मी रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर बोलणार, मी टाइप करणार. शिक्षण बी.कॉम.पर्यंतच, पण पोटातल्या कुठल्याही अवयवाचं स्पेलिंग मला झोपेतून उठवून विचारा. आणि मला कुणी "नुसती टायपिस्ट" म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सेंटर सरांचं. सर म्हणजे आमचे रेडिओलॉजिस्ट, वय एकोणसत्तर. हल्ली ते फक्त शनिवारी येतात, आमच्या चुका काढायला. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं तेच बघायचे. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. बघण्यावरच ज्याचं पोट, त्याचेच डोळे अधू व्हावेत! डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीनंतर मशीनला हात लावायचा नाही. आणि कायदा असा आहे की सोनोग्राफीच्या मशीनवर ज्या डॉक्टरची नोंद, त्यानंच ते चालवायचं. डॉक्टर नाही, तर मशीनला कुलूप. म्हणजे दिवाळीपर्यंत नवा रेडिओलॉजिस्ट मिळाला नाही तर सेंटर बंद, आणि आम्ही चौदा जण घरी. माझ्या धाकटीचं इंजिनिअरिंग तेव्हा अर्ध्यावर होतं.

सर निवांत होते. म्हणाले, दरवर्षी एवढी पोरं एमडी होऊन बाहेर पडतात, रांग लागेल की!

रांग लागली. फक्त तिच्यात उभे आम्ही होतो.

*

सरांनी झोकात जाहिरात दिली. खाली लिहिलं, "अर्जासोबत दोन फोटो जोडावेत." महिना गेला, फोटो सोडाच, एक फोन आला नाही. शेवटी सरांच्या पुण्यातल्या मित्रानं त्यांना शहाणं केलं. अरे, रेडिओलॉजिस्ट अर्ज करत नसतात. अर्ज आपण करायचा असतो.

मग सरांनी एका नुकत्याच पास झालेल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, व्हिडिओ कॉलवर बोलू. सर भाच्याच्या लग्नातला ब्लेझर घालून आले. टाय लावला. आणि इंटरव्ह्यू सुरू झाला, सरांचा! मशीन कुठल्या साली घेतलं, दिवसाला केसेस किती, रविवारी सुट्टी असते का, टायपिस्ट कशी आहे. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरी आहे." बरी! सव्वीस वर्षांनी बरी!

शेवटी मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, अजून चार सेंटर्सशी बोलायचंय, मग कळवतो. कॉल बंद झाला. सरांनी टाय सैल केला.

"महानंदा," ते म्हणाले, "मी पास झालो असेन का गं?"

*

दुसरा मात्र प्रत्यक्ष आला. एमडी होऊन तीन महिने झालेले, गालावर अजून पुटकुळ्या. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा पगाराचं चाललं होतं.

तो म्हणाला, "पाच."

"पाच लाख?" सर म्हणाले. मग खुर्चीत जरा मागं रेलून मोठ्या मनानं सांगायला लागले की वर्षाला पाच म्हणजे तुझ्या शिक्षणाच्या मानानं कमीच होतात, आपण थोडे वाढवून देऊ.

मुलगा बिचारा कावराबावरा झाला. हळूच म्हणाला, "महिन्याला, सर."

"अय्यो शिवने!" हे मी. माझं माहेर दुधनीचं, धक्का बसला की तोंडातून कन्नड निघतं. चहा बशीत सांडला तो वेगळाच. सर्वांचे पगार डोक्यात एकदम उभे राहिले. आम्हा चौदा जणांची बेरीज करूनसुद्धा तिथपर्यंत जात नव्हती. राग आला मला, खोटं कशाला बोलू? काल पास झालेलं पोर ते!

सर हसत म्हणाले, "बाबा रे, मग तुझ्या ओळखीत माझ्यासाठीच एखादी जागा बघ."

त्याला ती चेष्टा कळलीच नाही. त्यानं मनापासून विचार केला आणि सांगितलं, "तुम्हाला एक्सपिरियन्स आहे, सर. तुम्हाला सात देतील."

*

करकंबच्या एका डॉक्टरांशी बोलणं चाललं होतं. एक दिवस डॉक्टर आलेच नाहीत, त्यांचे वडील आले. बरोबर दोन मामा. द्राक्षबागायतदार माणसं, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. पोरगी द्यायची असल्यासारखं त्यांनी सगळं सेंटर फिरून बघितलं. मशीन बघितलं, एसी बघितला, जिना बघितला, संडाससुद्धा उघडून बघितला. मग वडील सरांसमोर बसले.

"पाणी किती दिसाआड येतं हितं?"

सरांनी सांगितलं, चार.

"आन पगार?"

"तो महिन्याला."

मामांना हसू आवरेना. वडील हसले नाहीत. निघताना ते दारातच घुटमळले. सरांना म्हणाले, "सायेब, एक मागू का? पोरगं धा-अकरा वरीस शिकलं. वाड्या-वस्तीवरचं समदं जग इचारतंय, पोरगं काय करतंय. मी सांगतो, अंधाऱ्या खोलीत बसून बघतंय. काय बघतंय, त्ये मलाच ठावं न्हाय. एकडाव दावता का?"

सरांनी त्यांना तिथंच टेबलावर झोपवलं. सदरा वर केला, छातीवर जेल लावली आणि स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. म्हणाले, ही तुमच्या काळजाची झडप. उघड-मीट चाललीय बघा.

ते बघतच राहिले. पासष्ट वर्षं एकदाही न थांबता आत जे चाललं होतं, ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळून कानात गेलं, त्यांनी पुसलं नाही. मी रोज असल्या खोलीत बसते हो, पण त्या दिवशी मलाही भरून आलं.

मग ते मामांकडं वळले. "आपलं पोरगं रोज ह्ये बघतंय, व्हय रं? मग पैसं कमीच सांगितलं की त्यानं!"

मुलगा शेवटी नाशिकला गेला. तिथं पाणी रोज येतं. माझा राग मात्र त्या दिवशी निम्मा उतरला.

*

सीटी स्कॅनचं तोवर आम्ही वेगळं जमवलं होतं. फोटो इथून इंटरनेटवर जायचे, साताऱ्यात एक तरुण डॉक्टर घरी बसून बघायचे, रिपोर्ट परत यायचा. एका दुपारी डोक्याला मार लागलेला रिक्षावाला आला. मी फोटो पाठवले आणि साताऱ्याला फोन लावला, तर मागं सनई! डॉक्टर म्हणाले, "ताई, माझीच हळद चाललीय. पाच मिनिटं द्या."

आठव्या मिनिटाला रिपोर्ट आला. रक्तस्राव कुठं आहे, किती आहे, ताबडतोब ऑपरेशनला घ्या, सगळं चोख. पोरगा वाचला. नंतर कळलं की माऊस पिवळा होऊ नये म्हणून नवरदेवानं हातात कॅरीबॅग घातली होती आणि करवल्या मागं ओरडत उभ्या होत्या.

पंधरा दिवसांनी रिक्षावाल्याची आई पेढे घेऊन आली. डॉक्टरांच्या पाया पडायचंय म्हणाली. मी सांगितलं, आजी, डॉक्टर साताऱ्यात आहेत. तिला ते काही केल्या पटेना. पोरगं हितं झोपलेलं, मग डॉक्टरनं तितनं बघितलं कसं? मी माझा कॉम्प्युटर दाखवला, म्हटलं ह्याच्यातून.

आजीनं पदर डोक्यावर घेतला, मॉनिटरला हात लावून नमस्कार केला आणि एक पेढा की-बोर्डवर ठेवला. डॉक्टरांच्या वतीनं तो मी खाल्ला.

*

त्याच सुमाराला एक सेल्समन आला. त्याच्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर म्हणे आपोआप एक्स-रे वाचतं. सर, डॉक्टर शोधताय कशाला, थोड्या वर्षांत डॉक्टर लागणारच नाहीत! सरांनी त्याला सकाळचा एक छातीचा एक्स-रे दिला. सॉफ्टवेअरनं क्षणात लाल गोल काढला आणि लिहिलं, गाठीचा संशय. सेल्समनची छाती फुगली.

आमच्या शहनाजमावशी पेशंटांना कपडे बदलायला गाऊन देतात. त्या मागं फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर करून स्क्रीनकडं बघितलं.

"गाठ-बीठ कुछ नै साब. ताईत है उसका. निकाल बोली मैं, तो निकालीच नै."

सर सेल्समनला म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, मावशींना किती पगार देऊ?"

*

पण सोनोग्राफी ना साताऱ्यातून होते, ना लॅपटॉपमधून. तिथं पेशंटच्या पोटावर डॉक्टरचा हात लागतोच. दसरा उलटून गेला तरी तो हात आम्हाला मिळत नव्हता. सर दिवसेंदिवस स्क्रीनच्या जवळ जवळ सरकत होते. मी धाकटीच्या कॉलेजात फीची मुदत विचारून आले.

आणि डॉक्टर लावण्या आल्या. इथल्याच, पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, शाळा मराठी, वडिलांचा जन्म यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेला. एमडी होऊन दोनच महिने झाले होते आणि हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं बोलावणं हातात होतं. आईला एकटं टाकायचं नाही म्हणून आधी आमच्याकडं आल्या. बसल्या बसल्या आकडा सांगितला, साडेचार.

सर म्हणाले, "साडेतीन. सोलापूर आहे हे, हैदराबाद नाही."

"सर, लिव्हर दोन्हीकडं तेवढंच असतं," त्या म्हणाल्या.

सर हट्टाला पेटले. आधी हात बघू, मग आकडा. आता हात बघायची सरांची एक पद्धत होती. पेशंट हा परीक्षेला ठेवायचा माणूस नव्हे, म्हणून नव्या डॉक्टरनं सरांचंच पोट तपासायचं. मधे येऊन गेलेल्या आणखी दोघांनी ते तपासलं होतं. दोघांनीही पाच मिनिटांत "एकदम फर्स्ट क्लास, सर" म्हणून सर्टिफिकेट दिलं होतं. बरोबरच आहे की, नोकरी मागायला आलेला माणूस मालकाच्या पोटात खोट कशाला काढेल?

सर झोपले. मी शेजारी की-बोर्डवर. मॅडम एकेक सांगत होत्या, मी टाइप करत होते. लिव्हर चांगलं, पित्ताशय चांगलं. सर वर छताकडं बघत बडबडत होते, साडेतीनच्या वर सोलापुरात कुणी देत नाही, विचारा हवं तर.

मॅडमचा हात उजव्या कुशीवर आला आणि थांबला.

"श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."

पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. सरांचं बोलणं हळूहळू बंद पडलं. चाळीस वर्षं असाच हात थांबवून त्यांनी लोकांना बघितलं होतं. त्यांना वेगळं सांगायला कोण पाहिजे?

आमच्याकडं एक नियम आहे, सरांनीच घालून दिलेला. जे दिसेल ते पेशंटसमोर बोलायचं नाही, चेहरासुद्धा बदलायचा नाही. रिपोर्ट लिहायचा आणि पाकिटात घालायचा, पुढचं त्याचा डॉक्टर त्याला सांगेल. नवीन मुलं इथंच चुकतात. मॅडमनी सांगणं थांबवलं, माझा की-बोर्ड ओढून घेतला आणि पुढच्या दोन ओळी स्वतः टाइप केल्या.

मी वाचल्या. उजव्या किडनीत गाठ. तसल्या ओळी मी आजवर हजार वेळा टाइप करून जेवायला उठले असेन. त्या दिवशी मी त्या पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचल्या.

"किती सेंटिमीटर?" सरांनी विचारलं.

मॅडमनी टिश्यू घेतला. सरांच्या पोटावरची जेल स्वतः पुसली, शर्ट खाली ओढला. आवाजात काडीचा फरक नाही.

"रिपोर्टला दहा मिनिटं लागतील, काका. बाहेर बसा."

सव्वीस वर्षांत सरांना कुणी बाहेर बसा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सर उठले. चपला शोधून घातल्या. आणि खरंच बाहेर जाऊन पेशंटांच्या बाकावर दोन बायकांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं तिथून त्यांची हाक आली, नेहमीसारखी खणखणीत.

"महानंदा, पेंटरला फोन कर. बोर्डावर मॅडमचं नाव घालायचंय. आणि आकडा त्यांचाच."