दादाचं 'हव'

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्याला सांगायला पाहिजे, त्या दादाला तर नाहीच.

मी रायपूरच्या एका दैनिकात बातम्या तपासतो. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही — हे नव्या मुलांना मीच शिकवतो. म्हणून तर हे लिहिणं जड जातं.

दादा, माझा मोठा भाऊ, पुरानी बस्तीत एकटा राहतो. वहिनी होत्या तेव्हा पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलींना भुलाबाईची गाणी शिकवायच्या. मुली एरवी हिंदीत बोलायच्या, गायच्या मात्र मराठीत. दादा ते फोनवर रेकॉर्ड करायचा. गाण्यात मध्येच कुकरची शिट्टी, मग वहिनींचा आवाज — "अवं पोट्टे, सूर कुठं चालला तुझा? बाजारात?" फोन भरला तेव्हा दादाने सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि फोन रिकामा केला. त्यानंतर वहिनी गेल्या.

त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम मीच टाकून दिली होती. एकदा अपडेट चालू असताना तो अडकला, दादाने बटण दाबून बंद केला, आणि मग तो सुरूच होईना. रविवारी दुपारी मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्यावरून चालू केल्यावर आतलं सगळं दिसलं. लिनक्समध्ये माणसाच्या स्वतःच्या फायली राहतात त्या भागाला 'होम' म्हणतात — घर. ते शाबूत होतं. वहिनींच्या नावाचं फोल्डरही. आधी ते बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, मग सिस्टिम नव्याने टाकायची — एवढंच काम. पण डिस्क मी शंकर नगरच्या ऑफिसात विसरलो होतो. आणि मला घाई होती. कसली? आता आठवतही नाही.

"वहिनींचं दुसरीकडे ठेवलंय ना?" मी विचारलं.

स्वयंपाकघरातून दादा म्हणाला, "हव."

आमच्याकडे 'हव' म्हणजे हो. पण 'ऐकून राहिलो, बोल' यालाही 'हव'च. वहिनी त्यावरून चिडवायच्या — "यायले घर जळून राहिलं म्हटलं तरी हव म्हणतील." हे मला माहीत नव्हतं? होतं. उठून दारापर्यंत जाऊन पुन्हा विचारता आलं असतं. मी सिस्टिम नव्याने टाकायला घेतली. 'होम'ही पुसायचं का, असं स्क्रीनवर आलं. मी हो म्हटलं.

दादा चहा घेऊन आला. बसला. "तिचं एखादं गाणं लाव बरं."

तिथंच खरं बोललो असतो तर? कॉम्प्युटर लगेच बंद करून जाणकाराकडे नेला असता, तर थोडंफार परत मिळालंही असतं. पण त्यासाठी — मी पुसलं, हे म्हणावं लागलं असतं. मी म्हणालो, "कॉम्प्युटरची डिस्क आधीच गेली होती, दादा. तू बटण दाबलं ना, तेव्हाच."

तो कप धरून राहिला. "मले वाटलंच," म्हणाला. "मीच घाई केली."

येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो अजून हेच सांगतो — तिचा आवाज माझ्या हातून गेला. मी शेजारी बसलेला असतो.

हल्ली कॉम्प्युटर बंद करण्याआधी तो मला फोन करतो. स्क्रीनवर काय लिहून आलंय ते एकेक शब्द वाचून दाखवतो. मग विचारतो, "आता बंद करू ना रे?"

"हव," मी म्हणतो.