गळ्यातली सुपारी

निजामाच्या राज्यात बोरीला आमचं किराणा दुकान होतं. तिथं गुळाच्या भेल्या उतरवणारा हमाल बारा वर्षं आमच्याच पायरीवर झोपायचा. त्याला ना घर, ना गोत. पोटात गाठ झाली तेव्हा परभणीच्या डॉक्टरानं लाइलाज म्हणून परत पाठवला. थंडी पडली होती. दुकानामागं आमची ओसरी मोकळी होती, पण मी त्याच्यासाठी गावभर जागा शोधत हिंडलो.

कुणी तयार होईना. ज्यानं ठेवून घ्यायचं, त्यानंच पुढं मातीही करायची; आणि याला जाळायचं की पुरायचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही लिंगायत पुरतो, तेही बसवून. शेवटी मी त्यालाच जात विचारली.

“पोटात गाठ हाय मालक, तिला इचारा. ती माझ्यापेक्षा आतली हाय.”

मठाचे स्वामी म्हणाले, आपल्यातला असेल तर आणा, एक खोली आहे. मी म्हणालो, आपल्यातलाच आहे. आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं ते माझं गळ्यातलं इष्टलिंग काढून, फडक्यात बांधून त्याच्या गळ्यात घातलं. लिंगाची डबी चांदीची होती. ती मात्र मी ठेवून घेतली, आणि हलकी लागू नये म्हणून दुकानातली एक सुपारी आत टाकली.

चार महिने त्याला गरम भाकरी मिळाली, अंगावर कांबळं मिळालं. भेटायला गेलो की म्हणायचा, “तुमचा देव लय गरीब हाय, मालक. रोज गार पाण्यानं आंघोळ घालतो, पण कुरकुरत न्हाई. कटकट तुमीच करता.”

तो गेला. त्याला बसवून पुरलं, तळहातावर माझं इष्टलिंग. भस्म लावताना स्वामींनी एकदा माझ्या डबीकडं पाहिलं आणि मंत्र पुढं चालू ठेवला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी बायकोकडं पाठ करून सुपारीची पूजा केली. एकदा तिनं डबी घासायला घेतली आणि उघडली. मग सगळं सांगावं लागलं. म्हणालो, तू तेव्हा बाळंतीण होतीस, ओसरीवर आजारी माणूस तुला चालला नसता.

“मला इचारलं कवा तुमी?”

विचारलं नव्हतं. देव काढून द्यायला मला एक घटकाही लागली नव्हती.

तिनं अडकित्ता घेतला, सुपारी कातरली आणि अर्धी माझ्यापुढं केली. आम्ही ओसरीवरच बसलो होतो.