तिळाच्या डब्यातली अर्धी गोळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, त्यांना मी इथे सुमनबाई म्हणतो. नांदगावच्या शाळेत त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. मी एम.एस्सी. झालो, त्याची सुरुवात बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांच्याकडे अभ्यासाला बसून झाली. पुढचं मात्र मी इतके दिवस कोणालाही सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

त्या टेबलावरूनच एकदा मी पाहिलं. बाईंनी तिळाचा डबा काढला, त्यात खुपसलेली गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी मोडून अर्धी घेतली. संक्रांतीशिवाय तिळाचा डबा कोण उघडतं? मला पाहून त्या दचकल्या.

"साखरेच्या आजाराची आहे. लग्नाआधीपासून. सासूबाईंना कळलं तर माहेरचा उद्धार होईल. पाहिलंस ना दिनू? आता विसर."

मी विसरलो नाही. बोललोही नाही. बाईंच्या फिक्या चहावरून सासूबाई टोमणा मारायच्या, "मास्तरीणबाई, साखर काय रेशनवर मिळती का?" बाई हसून घ्यायच्या. मी पुस्तकात डोकं घालायचो.

पुढे नाशिकला, जनुकांच्या तपासण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये मला नोकरी लागली. बाईंनी शाळेत पेढे वाटले. आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचा, अनिकेतचा, रक्ताचा नमुना माझ्याकडे आला. विसाव्या वर्षीच त्याची साखर वाढली होती, इन्शुलिन चालू होतं. पण हा एकाच जनुकातला दोष असावा, अशी त्याच्या डॉक्टरांना शंका होती. तसा असला तर बऱ्याचदा इंजेक्शन लागत नाही, साध्या गोळीवर भागतं.

माझं काम चाळणीचं. मशीन जनुकांतल्या बदलांची लांबलचक यादी देतं. त्यातले बिनकामाचे गाळायचे, उरलेले रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडमसमोर ठेवायचे. अनिकेतच्या यादीत एक बदल होता. त्याची नोंद जपान-कोरियाकडच्या घराण्यांत होती — बारीक माणसं, कोवळ्या वयात साखर, आईकडून मुलाकडे आलेली. आपल्याकडची एकही नोंद नव्हती. अशा वेळी एकच गोष्ट पाहायची असते : घरात आणखी कोणाला आहे का? फॉर्मवरच्या त्या रकान्यात लिहिलं होतं — 'नाही'. फॉर्म भरताना आजी, म्हणजे बाईंच्या सासूबाई, शेजारी बसली असणार.

आणि मला माहीत होतं. साऱ्या लॅबमध्ये फक्त मला.

ती ओळ मॅडमसमोर गेली असती, तर आईचीही तपासणी मागितली गेली असती. मी ती ओळ गाळली. 'आपल्या लोकांतला बदल नाही' असा शेरा मारला. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. रिपोर्ट गेला : दोष आढळला नाही.

बाईंचं गुपित राखलं, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आलो. पण खरंच तसं होतं का? शाळेच्या मधल्या सुट्टीत एक फोन पुरला असता. आजीला कळलंही नसतं. मला भीती होती ती बाईंच्या चेहऱ्याची — ज्याला घरात घेतलं त्यानेच डबा उघडला, हे त्यांच्या डोळ्यांत वाचण्याची. त्यांचा लाडका विद्यार्थी राहण्यासाठी मी त्यांच्या मुलाला सुयांवर ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. मग तर ते कारणही उरलं नाही. तरी मी गप्पच. आता गुपित बाईंचं नव्हतं, माझं होतं.

अनिकेत पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होता. भेटला की म्हणायचा, "दिनूदादा, मी म्हंजे चालतं-फिरतं मेडिकल हाय बघ!" यंदा दुपारी इंजेक्शन घेतलं, टेम्पो भरायच्या घाईत जेवण राहिलं, साखर एकदम उतरली आणि तो हायवेवर मोटारसायकलवरून पडला. वाचला. उजवा गुडघा आता वाकत नाही.

दवाखान्यात बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तू होतास म्हणून तपासणी तरी नीट झाली रे."

तो हात मला अजून जाणवतो. भात कालवताना, कीबोर्डवर, कुठेही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. आणि बाईंना शाळेच्या पत्त्यावर हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

अनिकेतचा रिपोर्ट चुकीचा आहे. चूक मशीनची नाही, मॅडमची नाही. त्यात एक दोष दिसत होता. तो मी जाणूनबुजून काढून टाकला. तुमचा आजार आणि त्याचा आजार बहुधा एकच आहे. दोघांचे नमुने पुन्हा द्या, आणि घरच्या आजाराच्या रकान्यात या वेळी तुमचं नाव लिहा. डॉक्टर सांगेपर्यंत इंजेक्शन मात्र बंद करू नका.

तुम्ही विसर म्हणाला होतात. मी विसरलो नव्हतो. तुमची अर्धी गोळी कदाचित त्यालाही पुरली असती, हे मला त्याचा रिपोर्ट केला त्या दिवशीच कळलं होतं.

दिनकर