दोन नावांच्या बायकांची वकील

त्या दिवसांत आमच्या पडेगावच्या घरात फोन वाजला की सगळे दचकायचे. माझी लेक सोनाली हातातलं काम टाकून धावायची, तिचे बाबा टीव्हीचा आवाज बंद करायचे. मेलबर्नच्या व्हिसाचं उत्तर कुठल्याही घटकेला येणार होतं. होकार आला तर लेक नवऱ्याजवळ जाणार, नकार आला तर खोटारडी ठरून वर्षानुवर्षं बंदी. अशात फोन वाजला. आमच्या वकील शोभा खरात मॅडम यांच्या ऑफिसातून त्यांची ज्युनिअर बोलत होती. मला वाटलं, आलं! ती म्हणाली, "काकू, मॅडम सकाळी वारल्या." मी म्हणाले, "अगं, परवाच तर बोलले मी त्यांच्याशी!" परवा बोललेलं माणूस जाऊच शकत नाही, अशा तोऱ्यात. आणि खरं सांगते, त्यानंतर पहिला विचार आला तो मॅडमचा नाही, सोनालीचा. आता आमचं कसं होणार...

आमचं प्रकरण कुणालाही सांगितलं की आधी हसू यायचं. सोनालीचं लग्न देवगाव रंगारीच्या अमोलशी झालं. लग्नात तांदळाच्या ताटात नवरदेवानं अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, राधिका. आत्यासासूबाईंनी ठरवलेलं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. पुढं ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायला व्याही गेले. ग्रामसेवकानं विचारलं, "नवरीचं नाव?" व्याह्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "राधिका!" अमोलनंही मेलबर्नला कंपनीच्या कागदांत बायको म्हणून राधिका लिहून टाकलं. इकडं पासपोर्ट, मार्कशीट, सगळं सोनालीचं. मग व्हिसाचा अर्ज केला, तर तिकडून पत्र आलं. राधिका कोण? सोनाली कोण? लग्न नक्की कुणाशी झालंय? ठरलेल्या मुदतीत समाधानकारक खुलासा आला नाही, तर खोटी माहिती दिली असं धरलं जाईल.

त्या पत्रानं आमच्या घरातलं हसू पळालं. देवगावात तर कुजबुज सुरूच झाली होती, पोरानं तिकडं दुसरी केली असंल म्हणून ही माहेरी येऊन बसली. मी शाळेत शिकवते, चार लोकांत ऊठबस आहे, तरी परदेशी व्हिसाचा वकील कुठं शोधायचा हे मला ठाऊक नव्हतं. कोर्टात गेलो तर जमिनीचे वकील, अपघाताचे वकील, सोडचिठ्ठीचे वकील. इमिग्रेशन म्हटलं की प्रत्येकजण पुण्या-मुंबईकडे बोट दाखवायचा. जालना रोडला काचेच्या दाराचा एक एजंट भेटला. त्यानं फार गोड आवाजात तोडगा काढला. ग्रामसेवकाकडून सोनालीच्या नावाचा नवा दाखला करून घ्या, तारीख जुनी टाका, आधीचा दाखला नव्हताच म्हणा. सोनालीचे बाबा अर्धे तयार झाले होते. मला मात्र ते पटेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत डबा खाताना मी रडले. आमच्या उर्दू विभागाच्या नर्गिस बाजी शेजारी होत्या. त्यांचा भाऊ मागं सौदीत अडकला होता, मालकानं पासपोर्ट दाबून ठेवलेला. त्या म्हणाल्या, "अरे बाई, पूना कायको जाते? अपनी खरात मॅडम है ना. मेरे भाई को वोइच लाई."

कोर्टामागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर मॅडमचं ऑफिस. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं आधी हाक मारायची. वर एक ठेंगण्या बांध्याची बाई, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, चष्मा कपाळावर. तरुणपणी त्यांनी आखातात जाणाऱ्या मजुरांची कामं केली होती, त्यातून हे सगळं शिकल्या. मी एजंटाचा तोडगा सांगताच त्यांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. "ताई, खोटा दाखला जोडायचा असेल तर जिना तोच आहे, उतरा. आत्ता पोरगी खरी आहे. दाखला केला की त्या क्षणी खोटी होईल." सोनालीचे बाबा लालबुंद झाले. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नका. रडलेलं त्यांना वाचता येत नाही. लग्नाचा व्हिडिओ आणा."

व्हिडिओ आणला. कन्नड गावातल्या व्हिडिओवाल्यानं तांदळाच्या ताटाचा प्रसंग पार कापून टाकलेला! त्या जागी नवरा-नवरी बागेत हिंडताहेत, मागं गाणं. फोटोत ताट होतं, पण त्यापुढं अमोलच्या मामांचा भलाथोरला फेटा आलेला. मॅडमनी पुन्हा पुन्हा तो फोटो मोठा करून पाहिला. फेट्याखेरीज काही दिसेना. मुदत सरत चालली होती. मी घरी कॅलेंडरकडे पाठ करून बसायला लागले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "कागद नाही तर माणसं. तुमच्या व्याह्यांच्या घरी किती बायका आहेत? नाव बदललेल्या?"

सगळ्याच, मी म्हणाले. माझंसुद्धा बदललेलं. माहेरची मी मंदा.

मॅडम माझ्यासोबत एस.टी.नं देवगावला आल्या. उतरल्यावर फाट्यावरच्या दगडावर बराच वेळ बसून राहिल्या. "ऊन लागलं," म्हणाल्या. मला संशय यायला हवा होता, पण माझं सगळं चित्त मुदतीत. व्याह्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "आमच्या घरच्या बायकांची नावं विलायतेला कशापायी धाडायची? लई झालं हे." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मामा, सून धाडायची का नाय?" व्याही आत निघून गेले. आता हे माणूस पोलिसाला बोलावतं की काय अशी धाकधूक लागली. ते पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

ओसरीवर बायका बसल्या. मॅडम एकेकीला विचारत होत्या, माहेरचं नाव काय, सासरचं काय, कुणी ठेवलं. आधी सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. सोनालीच्या सासूबाईंनी सांगितलं, तिच्या जावेनं सांगितलं. आत्याबाईंची पाळी आली आणि त्या थांबल्या. "माहेरचं? माहेरी मला... थांबा बाई." आत्याबाईंनी ओठ हलवले, कपाळावर हात ठेवला. मॅडमनी घाई केली नाही. लिहायचं थांबवून त्या फक्त बघत राहिल्या. "आई मला ठकू म्हणायची," आत्याबाई म्हणाल्या, "ठकूबाईच व्हते मी. व्हय, ठकूबाई." आणि या बाईनं, जिनं आमच्या पोरीला राधिका केलं, पदर डोळ्यांना लावला. त्या वेळी मला तिचा राग नाही आला. सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं नोटरीपुढे झाली. सोबत मॅडमनी आमच्याकडची ही रीत साध्या इंग्रजीत समजावून लिहिली, त्यात एक शब्दही फुगवलेला नव्हता. खुलासा मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी गेला. तो त्यांनी दवाखान्याच्या खाटेवरून पाठवला हे मला ज्युनिअरनं नंतर सांगितलं. स्कार्फ का होता तेही तेव्हाच कळलं, केमोनं केस गेले होते.

त्यांच्या माघारी वाट पाहणं आणखी कठीण झालं. काही अडलं तर विचारायचं कुणाला? सोनाली जेवेना. एका दुपारी ती फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, चेहरा पांढराफटक. मी गॅस बंद केला. "आई, दिलाय," ती म्हणाली, "व्हिसा दिलाय." तिचे बाबा तिच्या फोनवरचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मी कुकरच्या शेजारी फरशीवर बसकण मारली.

मग माझ्या बोटांनी आपोआप मॅडमचा नंबर लावला. रिंग गेली तेव्हा भानावर आले. कापणार, एवढ्यात पलीकडून पुरुषी आवाज आला. मॅडमचे मिस्टर होते, बोलणं आधी कधीच झालं नव्हतं. माफ करा, चुकून लागला, असं काहीतरी पुटपुटले. नाव सांगितलं.

"सोनालीच्या आई ना?" ते म्हणाले. "आलं का पोरीचं?"

"आलं. भाऊ, आलं. व्हिसा मिळाला."

आत कुणाला तरी त्यांनी सांगितलं, "देवगावच्या पोरीचं झालं बरं का..." आणि पुन्हा फोनवर आले. "रोज विचारायची ती दवाखान्यात. शेवटी मला म्हणाली, फोन बंद करू नका, लोक कळवतील."

मी म्हणाले, "आता तरी बंद करा, भाऊ. तुम्हाला किती त्रास..."

"नाय ताई," ते म्हणाले, "अजून बाकीच्यांचं यायचंय."