हवा भरणारा कोण?

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी अर्धी गिळून सांगितली आहे. शाळेच्या समारंभात जुना शिक्षक म्हणून मला बोलावतात. मग मी माझ्या पहिल्या हेडमास्तरांची आठवण सांगतो. विश्व कसं सुरू झालं हे ते गावाला समजावायला गेले आणि गावाने त्यांना घालवलं, असं म्हणतो. मुलं हळहळतात, पाहुणे माना डोलावतात, मी खाली बसतो. आता ऐंशी उलटली. ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागेल अशी माणसं फारशी उरली नाहीत, हे आता पूर्ण सांगायला बळ येण्याचं कारण फार चांगलं नव्हे, पण खरं तेच आहे. गावाने कुरकुर केली, अर्ज केला. पण मास्तर गेले ते माझ्या जबानीने.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही दोघेच शिक्षक. हेडमास्तर चाळिशीचे, नगरच्या विणकर घरातले. त्यांच्या घरी तेलुगू बोलत, त्यामुळे मराठी बोलताना ते एकेक शब्द जपून खाली ठेवल्यासारखा उच्चारत. पोरं त्यांची नक्कल करत आणि ते ती आवडीने ऐकत. त्यांना दमा होता. कोरड्या हवेत राहा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून बायकोमुलांना नगरला ठेवून त्यांनी मुद्दाम आमच्याकडे बदली मागून घेतली होती. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, कोरडी हवा मात्र मुबलक होती. मी एकवीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली तात्पुरता नेमलेला, आणि गावच्या जोशीबुवांचा थोरला मुलगा.

शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून आम्ही दोघं एक इंग्रजी पुस्तक वाचायचो. ते त्यांनी नगरहून आणलं होतं. आकाशात तारकांचे प्रचंड पुंजके आहेत आणि ते एकमेकांपासून लांब लांब जात आहेत, असं त्यात होतं. म्हणजे उलट मागे जात राहिलं, तर कधीतरी सगळं एका ठिकाणी दाटलेलं असणार. त्याला किती वर्षं झाली असावीत याचा त्या वेळच्या शास्त्रज्ञांचा अंदाजही होता, दोनशे कोटींच्या आतबाहेर. तो वाचला आणि मी उठून उभाच राहिलो.

"मास्तर, हे तर आमच्या पंचांगात आहे!"

खरंच होतं. पाडव्याला वडील मारुतीच्या देवळापुढे पंचांग वाचत, तेव्हा सृष्टी उत्पन्न होऊन किती वर्षं लोटली तो आकडा आधी येई. तोही दोनशे कोटींच्या जवळचाच. लहानपणापासून ऐकून तो मला पाठ होता. मास्तरांना गंमत वाटली. योगायोग असेल, असं ते म्हणाले. पण मला राहवेना. पाडव्याला वडिलांचं वाचन झालं की तुम्ही बोला, असा मीच त्यांच्यामागे लकडा लावला.

"लोक ऐकून घेतील?" त्यांनी विचारलं.

"आकडा एकच निघाल्यावर न ऐकायला काय झालं?"

आमची चूक झाली ती इथे. आकडा जुळला म्हणजे माणसं जुळतील असं मी धरून चाललो. गावाला आकड्याचं काहीच नव्हतं. दोनशे कोटी काय आणि चारशे कोटी काय.

समजावण्याची युक्तीही माझीच. मास्तरांच्या सायकलची जुनी ट्यूब होती. लढाईच्या दिवसांत नवी मिळत नसे, म्हणून तिला जागोजागी ठिगळं लावलेली. तिच्यावर खडूने ठिपके काढायचे आणि हवा भरायची. ट्यूब फुगते तसा प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून लांब जातो. आकाशही असंच, असं सांगायचं. पंप मी मारणार होतो.

पाडव्याला देवळापुढे ही गर्दी. लिंबाची पानं आणि गूळ वाटून झाला. वडिलांनी सालाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस कसा ते वाचलं. मग मीच उठून मास्तरांना पुढे बोलावलं. वडील थोडे चकित झाले, पण त्यांनी सरकून जागा दिली. मास्तरांनी आधी वडिलांच्या आकड्याचा मोठ्या आदराने उल्लेख केला. लोकांनी माना हलवल्या. मग त्यांनी ट्यूब हातात धरली आणि मी पंप मारू लागलो. ठिपके सरकू लागले तशी पुढची माणसं उठून बघायला लागली. मला वाटलं, जिंकलं.

देवळाच्या पायरीवर एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याच्या जिभेला सगळं गाव वचकून असे.

"मास्तर, येक इचारू का?"

"विचारा की, बाबा."

"ठिपकं लांब जात्यात, दिसलं. पन हवा भरतंय कोन?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "कोन म्हंजी? जोशीबुवांचा पोरगा!"

जे हसू उसळलं, ते आजही माझ्या कानात आहे. "आरं, मंग नारळ त्याच्याम्होरंच फोडा!" एक म्हणाला. दुसरा वडिलांकडे वळला, "बुवा, पोरगं आभाळ फुगिवतंय, आन् तुमी पावसाचं सांगताय व्हय!" वडील पंचांगाची पानं सारखी करत बसले. मी पंपाच्या दांड्यावर वाकलेला, तसाच. आणि मास्तर? मास्तरही हसले. अगदी मोकळेपणी, दम लागेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसू नगा," म्हातारा म्हणाला. "मी खरंच इचारतुया."

मास्तरांनी डोळे पुसले आणि ते सरळ उभे राहिले. "बाबा, ते मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही. शोध चालला आहे. हा वर्षांचा आकडासुद्धा उद्या बदलेल."

"बदलनार? मंग आत्ता कशापायी सांगताय? पक्कं झाल्यावर या की!"

पुन्हा हसू. त्यात कुणीतरी म्हणालं, "म्हंजी द्येव न्हाई म्हना की सरळ."

"तसं मी म्हणालो नाही," मास्तर म्हणाले. "मला माहीत नाही, एवढंच म्हणालो."

हे त्यांनी दोनदा सांगितलं, सावकाश, त्यांच्या त्या एकेक शब्द खाली ठेवण्याच्या पद्धतीने. सगळ्यांना ऐकू गेलं. मी तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

म्हातारा उठता उठता म्हणाला, "ज्याला म्हाईत न्हाई, त्यो मास्तर कसला?" मला वाटतं, गावाचं खरं दुखणं हे होतं. विश्व फुगतं याचा कुणाला राग नव्हता. हेडमास्तर म्हणवणाऱ्या माणसाने चारचौघांत 'माहीत नाही' म्हणावं, हे त्यांना सोसवेना.

घरी वडील जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "नक्षत्रं जागची हलतात म्हटल्यावर माझ्या पंचांगाला कोण विचारणार? आणि ती हलवायला तू उभा राहिलास."

आठ-दहा दिवसांत अर्ज गेला. त्यावर वीस-पंचवीस अंगठे होते. मास्तर देव नाही असं शिकवतात, पोरं बिघडतील, त्यांना उचला, असा मजकूर. मास्तरांनी तो मनावर घेतला नाही. "चौकशीला येतील, तेव्हा काय बोललो ते सांगू," म्हणाले.

चौकशीला दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. आदल्या दिवशी वडील मला म्हणाले, "उद्या काय सांगायचं ते तुझं तू बघ. मला या गावात अजून पुष्कळ पाडवे वाचायचे आहेत." त्यांनी याहून अधिक काही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढची कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात सगळा दोष त्यांच्यावर टाकत आलो.

दिपोटी सज्जन गृहस्थ होते. त्यांनी मला एकट्याला वर्गात बसवलं. तुमची जबानी गुप्त राहील असं सांगितलं. मग म्हणाले, "अर्ज करणाऱ्यांचं काय, ते चिडलेले आहेत. तुम्ही शिकलेले आहात आणि शेजारी उभे होतात. हवा भरणारा कोण, या प्रश्नाला हेडमास्तर काय म्हणाले?"

मी बाकावरची खडूची पूड बोटाने पुसू लागलो.

"नीट आठवा. 'माहीत नाही' म्हणाले, की 'कुणी नाही' म्हणाले? दोन्हींत फार फरक आहे."

त्यांनी उत्तर जवळजवळ माझ्या हातात ठेवलं होतं. मी म्हणालो, "कुणी नाही, असं म्हणाले."

त्यांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

मी सही केली. का केली? वडिलांसाठी, हे मी स्वतःला शिकवलेलं उत्तर. माझी नोकरी कायम व्हायची होती, हेही कुठेतरी होतं. पण सही करताना माझ्या डोळ्यांपुढे वडील नव्हते आणि नोकरीही नव्हती. सगळा गाव मला हसत असताना मास्तर हसले होते, ते दिसत होतं. त्यांच्यासाठी मी वाकून पंप मारत होतो, आणि ते हसले. त्यांना त्यात फक्त गंमत दिसली होती, माझा अपमान त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. एवढ्याशा गोष्टीचा सूड मी त्या कागदावर घेतला.

महिन्याभरात हुकूम आला. मास्तरांची बदली अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावी. ज्याला कोरडी हवा हवी, त्याला जिथे चार महिने भिंतींना बुरशी धरते तिथे पाठवलं. जाताना त्यांनी शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "जोशीबुवांना नमस्कार सांगा. त्यांचा पाडवा मी बिघडवला, चुकलो म्हणावं." दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले. मी तो निरोप वडिलांना सांगितलाच नाही.

डोंगरात त्यांनी तीन पावसाळे काढले. मग दमा इतका वाढला की नोकरी सोडून ते नगरला परतले, असं कानावर आलं. मी तोवर कायम झालो होतो. एका रविवारी नगरला गेलो, पत्ता विचारत त्यांच्या गल्लीत पोचलो. वाटेत वाक्य घोकत होतो: 'मास्तर, मी खोटी जबानी दिली. मला क्षमा करा.' यापेक्षा लांब नको, असं ठरवलं होतं.

मास्तर भिंतीला टेकून भावाच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते. एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताने सूत धरायचं. दर थोड्या वेळाने थांबून श्वास घ्यायचा. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला. शाळेची, पोरांची, वडिलांची चौकशी केली. मग आवाज खाली करून म्हणाले, "एक गोष्ट माझ्या मनाला फार लागून आहे. चौकशीत दिपोटींनी तुम्हाला विचारलंच असणार. तुम्ही खरं ते सांगितलं असेल. माझी बाजू घेतली म्हणून गावाने तुम्हाला त्रास नाही ना दिला?"

समोर दार उघडं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "काही त्रास नाही झाला."

"मग बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा कांडी भरू लागले.

चहा आला, तो मी प्यालो. उन्हं कलल्यावर उठलो. ते दारापर्यंत पोचवायला आले, चौकटीला धरून उभे राहिले. कोपऱ्यावर जाऊन मी एकदा थांबलो, पण वळलो नाही. पुढच्या सुटीत जाऊन सांगू असं ठरवलं. त्या सुटीत नाही जमलं, मग दिवाळीत जायचं ठरवलं. दिवाळीच्या आधीच ते गेले.

त्या दिवशी मला म्हणायचं होतं ते असं: मास्तर, मी तुमची बाजू घेतली नाही. तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात आणि मी 'कुणी नाही' असं लिहून दिलं. तुम्ही डोंगरात गेलात ते माझ्यामुळे. मला क्षमा करा.