महिपतीनं हेडफोन लावला तेव्हा

अंथुर्ण्याच्या पोस्टात मी एकतीस वर्षं काम केलं. गावातल्या लोकांची पत्रं लिहून दिली, आलेली वाचून दाखवली. स्वतःच्या मनानं मात्र कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. ‘महिपतीकाकांवर तुम्हीच लिहा, दुसऱ्या कुणाला एवढं माहीत नाही,’ असं माझा मुलगा नागेश गेली दोन वर्षं म्हणतोय. म्हणून बसलो, तर पहिल्याच ओळीत मीच घुसलो. जन्मभर महिपतीच्या मागं उभं राहिलेल्या माणसाला हे शोभत नाही.

तर महिपती. आमच्या वाडीवर बिरदेवाच्या देवळात ओव्या म्हणणारा तो. त्याच्या वडिलांची मेंढरं होती. दरसाल कोकणाच्या वाटेला लागायची. महिपती ओव्या शिकला त्या मेंढरांमागं चालताना. पुढं मेंढरं गेली, तीन एकर जमीन झाली, जमिनीत ऊस आला. ओव्या तेवढ्या डोक्यात राहिल्या. लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळं दुसरीकडं कुठं ठेवायची सोयच नव्हती. चैत्रातल्या जत्रेला सकाळी देवापुढं उभा राहायचा, डावा हात कानावर ठेवायचा, आणि दुपारचा नैवेद्य येईपर्यंत म्हणत राहायचा.

ओवी एकट्यानं होत नाही. म्हणणाऱ्यानं एक ओळ टाकली की मागच्यांनी तिचं शेपूट धरून सूर ओढायचा. त्याला झील म्हणतात. तेवढ्यात म्हणणारा दम घेतो आणि दुसरी ओळ टाकतो. महिपतीच्या मागं आम्ही दोघं. एक तात्याबा, त्याचा आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या कळंब गावची माणसं मागं वळतील. दुसरा मी. माझी निवड आवाजावरून झालेली नव्हती. माझं घर महिपतीच्या घराला लागून होतं.

पंचाण्णव साली मी पोस्टातून निवृत्त झालो. नागेश तेव्हा बारामतीत नोकरीला होता. त्यानं आपला जुना वॉकमन मला दिला. त्याच्या कानात घालायच्या बोंड्यांचा स्पंज झिजून गेला होता, म्हणून मी बारामतीला गेलो आणि एस.टी. स्टँडसमोरच्या रेडिओच्या दुकानात एक हेडफोन पाहिला. स्वस्तातलाच, पण कान पूर्ण झाकणाऱ्या काळ्या रेक्झिनच्या गुबगुबीत गाद्या होत्या त्याला. मी कुठली वस्तू अशी एकटक कधी पाहिली नसेल.

“आजोबा, नातवाला का?” दुकानदारानं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. तेव्हा मला नातू नव्हता. नागेशचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

एस.टी.त तो लावायचं धाडस झालं नाही. पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली दडवून आणला. घरी गोठ्यातल्या खाटेवर बसून कानांवर चढवला आणि अभंगांची कॅसेट लावली. काय सांगू? गाणारा ओळीआधी श्वास घेतो, तो ऐकू आला. तबल्यावरून बोट घसरतं, ते ऐकू आलं. घरात रेडिओ लावला तरी मी आवाजाचं बटण दोनच्या पुढं नेत नसे, कुणाला त्रास नको म्हणून. त्या दिवशी ते दहावर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाचा तरी आवाज पूर्ण मोठा केला, आणि जगात कुणाला पत्ता नव्हता.

म्हणजे मला तसं वाटत होतं. भामाबाई, माझी बायको, समोर येऊन हातवारे करायला लागली तेव्हा मी गाद्या बाजूला केल्या.

“आवो, वरडताय कशाला? म्हस बुजली की!”

“मी? मी तर गुणगुणत होतो.”

“गुणगुणताय? पलीकडच्या आळीतनं म्हाळसाबाई इचारतीय, कोण वारलं म्हणून.”

हेडफोन लावल्यावर आपला आवाज आपल्याला कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. पुढं उपयोगी पडलं असतं, पण वेळेवर आठवेल तर तो मी कसला.

पुढच्या चैत्राला महिनाभर राहिला असताना मी जत्रेची कॅसेट लावली. आदल्या वर्षी नागेशनं ओवी टेप केली होती. टेपरेकॉर्डरवर ती बरेचदा ऐकली होती, पण तेव्हा सगळं एकत्र कालवल्यासारखं यायचं. हेडफोनमध्ये एकेक आवाज सुटा झाला. महिपतीचा आवाज, जुन्या घोंगडीसारखा, जाड आणि उबदार. तात्याबाची झील, जिथं संपायला हवी तिथं कोयत्यानं तोडल्यासारखी संपणारी. आणि तिसरा एक आवाज. बारीक, किनरा. तात्याबा थांबला तरी हा थांबत नव्हता, सुटलेल्या दाव्यासारखा जमिनीवरून फरफटत पुढं जात होता. मग महिपतीची ओळ यायची.

मी कॅसेट मागं घेऊन पाच वेळा ऐकली. दुसरा कुणी असेल, एवढीच आशा होती. पाचव्या वेळेला बॅटरी उतरली आणि तो आवाज आणखीच लांबला.

दुसऱ्या दिवशी महिपतीला बांधावर गाठून सांगितलं, “माझा घसा धरलाय. यंदा झिलीला मला धरू नकोस.”

तो उसाला पाणी देत होता. पाणी पुढच्या सरीत वळवायला दारं मोडता मोडता थांबला. “किती दिस?”

“सांगता येत नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि बांधावर खाली बसला. माझ्या घशासाठी एवढं वाईट वाटून घेणारा मित्र पाहून मला भरून आलं. माझी अक्कल एवढीच.

जत्रेआधी आठ दिवस संध्याकाळी महिपतीच्या अंगणात ओवीची उजळणी असते. मी ऐकायला म्हणून गेलो. तिसऱ्या ओळीला तात्याबाची झील स्वच्छ तुटली, आणि पुढं काही आलंच नाही. महिपती खोकला. पाणी मागितलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पाणी. चौथ्या तांब्याला तात्याबा म्हणाला, “महिपतराव, ओवी म्हनायचीया का हीर उपसायचीया?”

सगळे हसले. महिपती हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथुर्ण्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात तो मला म्हणाला, “गेणू, यंदापस्नं ओवी बंद. देवाला नारळ फोडून सांगून टाकतो.”

“का रे?”

“दम टिकत न्हाय.”

बापजाद्यांची ओवी. ती माझ्या खोट्या घशापायी बंद पडायला लागली होती. मग मात्र मला राहवलं नाही. वॉकमन पिशवीत होताच. मी तो काढला.

“महिपती, माझा घसा ठणठणीत आहे. आवाजच वाईट आहे. तूच ऐक, मग माझ्याशिवाय म्हण. पण बंद करू नकोस.”

हेडफोन त्याच्या पटक्यावर बसेना. चारचौघांत पटका काढणारा तो नव्हे. शेवटी दांडी हनुवटीखालून घेतली आणि गाद्या कानांवर दाबल्या. मी जत्रेची कॅसेट सुरू केली. जराशानं त्याचा डावा हात सवयीनं वर गेला आणि गादीवर टेकला. डोळे मिटले. आणि तो गरजला.

“ही तुझी झील हाय व्हय रं?”

अख्खं हॉटेल वळलं. मी मान खाली घालून हो म्हटलं.

“हितं बग, हितं मी इसारलोय! तात्याबा थांबला, तू वढतोयस! मी शोधतोय, शोधतोय... घावलं!”

मी हातानं ‘हळू, हळू’ खुणावलं. त्याला वाटलं, सावकाश सगळं सांग म्हणतोय.

“दोन वर्सं झाली गेणू, फुडचं आठवत न्हाय मला! तू वढीत ऱ्हातोस तवर आठवतं! तू न्हाय म्हनालास आन मी सपलो! घरात बी बोललो न्हाय कुनाला!”

बायकोलासुद्धा न सांगितलेली गोष्ट त्यानं सगळ्या स्टँडला सांगितली. इंदापूर गाडीच्या ड्रायव्हरचा कप ओठांपाशीच राहिला. शेजारच्या बाकावर तात्याबा बसला होता, त्याचं बिस्किट चहात पडलं.

महिपतीनं हेडफोन काढला आणि माझ्या कानाशी लागून अगदी हळू म्हणाला, “कुनाला सांगू नगंस.”

“नाही सांगत,” मी म्हणालो. हॉटेलातली सगळी माणसं आपापल्या चहात बघत बसली.

जत्रेला मी उभा राहिलो. बारीक, किनरा, होतो तसाच. दोन-तीनदा महिपती अडला, तेवढं मी ओढून नेलं. मग नैवेद्याच्या थोडं आधी एका ओळीला तो असा अडला की माझा दम संपत आला तरी काही येईना. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तेवढ्यात शेजारून तात्याबाचा आवाज आला. कोयत्यागत तोडणारा तात्याबा, पण त्यानं सोडलं नाही. त्याचाही दम सरत आला तेव्हा पुढं बसलेल्यांपैकी कुणीतरी सूर धरला, मग हॉटेलवाल्यानं, मग बायकांच्या बाजूनंही. महिपती कानावर हात ठेवून डोळे मिटून उभा होता. सगळी वाडी झील ओढत थांबली होती. मग त्याला सापडलं.

देवळाच्या पायरीवर बसून जेवताना तो म्हणाला, “यंदा झील लई ग्वाड झाली. कुनीकडनं बी येत हुती.”

“हो,” मी म्हणालो.

“माझं काय कुनाच्या ध्यानात आलं न्हाय न्हवं?”

तात्याबानं त्याच्या पानात भात वाढला. “कशाचं वो?”

नागेशनं त्या वर्षीही टेप केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यातल्या खाटेवर बसून ती कॅसेट लावली. त्या लांबलेल्या झिलीत माझा आवाज कुठं आहे ते शोधत होतो. पन्नास-साठ गळ्यांत तो काही सापडेना. मागं घेतलं, पुन्हा लावलं. बॅटरी नवी होती.

भामाबाई समोर येऊन उभी राहिली. मी गाद्या बाजूला केल्या.

“म्हस बुजली का?” मी विचारलं.

“न्हाय,” ती म्हणाली. “सवय झालीया तिला.”